पाच मिलिमीटरच्या फटीतला गुडघा

सीटी स्कॅनच्या सीडीवर गुडघ्याचे ४१ काप होते. प्रत्येक काप ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचा. एका पिक्सेलची बाजू ०.३९ मिलिमीटर आणि एका कापापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर. म्हणजे आडवं पाहिलं तर डेटा बारीक, उभं पाहिलं तर जवळजवळ तेरापट जाड. हा डेटा तिन्ही दिशांनी सारखा करायचा, त्यातून हाड वेगळं काढायचं आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायचं, असं काम माझ्याकडे आलं होतं.

गुडघा माझ्या मोठेबाबांचा. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून उतरताना पाय चुकला आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्याच्या सपाटीवर मांडीचं हाड टेकतं, ते एका बाजूने खचलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून आणायला सांगितलं. मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी राहूनच नागपूरच्या एका कंपनीसाठी डेटाचं काम करते, हे डॉक्टरांना माहीत होतं. ते म्हणाले, "पेशंटला फिल्म उजेडात धरून दाखवतो, तो मान हलवतो, पण त्याला ओ का ठो कळत नाही. हाडाचा नमुना हातात देता आला तर बघा ना." जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅबमधला थ्रीडी प्रिंटर होता. तिथले सर उत्साही निघाले. राहिला प्रश्न मधल्या कामाचा, आणि ते माझंच होतं.

पहिली अडचण सीडीचीच. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. आजकाल कोणाच्याच नसतो, पण सीटी सेंटरवाले अजून सीडीच देतात. शेवटी सातबारा आणि आधारचे फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना डेस्कटॉप सापडला. दुकानातल्या पोराने सीडी घातली, फाइलींना नावापुढे काही शेपूटच नाही हे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, व्हायरस असन हा." व्हायरस नव्हता. डायकॉमच्या, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या फाइली बरेचदा अशाच बिनशेपटीच्या असतात. पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

डायकॉम म्हणजे नुसतं चित्र नाही. प्रत्येक कापाच्या फाइलीत चित्राच्या आधी माहितीचा मोठा पसारा असतो: पेशंटचं नाव, वय, तारीख, मशीनचं मॉडेल, पिक्सेलचा आकार, कापाची जाडी, काप शरीरात नेमका कुठल्या उंचीवर आहे त्याचे निर्देशांक. घरचंच माणूस असलं तरी नाव आणि ओळखीचे रकाने आधी पुसले. फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर जाणार होती, तिथे मोठेबाबांच्या जन्मतारखेचं काही काम नव्हतं.

काप ओळीत लावणं हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. फाइलींच्या नावाने लावले तर १ नंतर १०, मग ११, आणि २ कुठे तरी पुढे, अशी गत होते. गुडघा कापून पत्त्यांसारखा पिसून ठेवल्यावर जसा दिसेल तसा दिसतो. म्हणून नावाकडे न पाहता प्रत्येक कापाच्या जागेच्या निर्देशांकावरून क्रम लावायचा. त्याच निर्देशांकांची वजाबाकी केली की दोन कापांतलं खरं अंतर मिळतं. 'कापाची जाडी' नावाचा रकाना वेगळा असतो आणि तो अंतर सांगत नाही. जाडी ५ आणि अंतर ३ असेल तर काप एकमेकांवर चढलेले असतात. जाडी ३ आणि अंतर ५ असेल तर मध्ये न पाहिलेली फट राहते. आमच्याकडे दोन्ही ५ निघाले.

मग आकडे. सीटीच्या प्रत्येक बिंदूचं मूल्य हाउन्सफील्ड एककात असतं: पाणी ०, हवा −१०००, चरबी साधारण −१००, स्नायू ५० च्या आसपास, हाडाचं टणक कवच १००० किंवा त्याहून वर. फाइलीत साठवलेला आकडा आणि हे एकक यांच्यात एक गुणाकार आणि एक बेरीज असते, ती आधी करून घ्यावी लागते. ज्यांच्या नावाचं हे एकक, त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत १९७९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचं चित्र घेतलं, ते ८० गुणिले ८० बिंदूंचं होतं. ते वाचल्यावर आपल्या ५१२ बद्दल तक्रार करायची सोय राहत नाही. माझी तक्रार तशीही ५१२ बद्दल नव्हती, ४१ बद्दल होती.

आता मुख्य भाग. ४१ कापांचे सव्वापाचशेच्या आसपास काप करायचे. मधले काप सीडीवर नाहीतच, ते हिशेबाने भरायचे. हा हिशेब म्हणजे इंटरपोलेशन. आमच्याकडे पावसाचं असंच होतं. दोन महसूल मंडळांत दोन हवामान केंद्रं, एकात ४० मिलिमीटर नोंदला, दुसऱ्यात ६०. आमचं गाव दोन्हींच्या मधोमध, तर गावात ५० पडला असं धरायचं. हिशेब चुकीचा नाही. पण त्याच रात्री आमच्या शिवारावरच ढग फुटून ९० पडला असेल, नाला बांधावरून गेला असेल, तर तो पाऊस त्या ५० मध्ये कधीच दिसणार नाही, कितीही भारी सूत्र लावा. अतिवृष्टीची रेघ ६५ वर आहे, आणि पीकविम्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सूत्रं मात्र निरनिराळी आहेत, आणि प्रत्येकाचा हाडावर दिसणारा परिणाम वेगळा. मी तिन्ही करून पाहिली.

सगळ्यात जवळच्या बिंदूचं मूल्य जसंच्या तसं उचलायचं, ही पहिली रीत. यात नवीन आकडा जन्मालाच येत नाही. एकच काप तेरा वेळा, मग पुढचा काप तेरा वेळा. हाडावर ५ मिलिमीटरच्या पायऱ्या तयार झाल्या. स्क्रीनवर ते फिरवत असताना मोठेबाबा पलंगावरून पाहत होते. "काय वं पोरी, माहा गुडघा असा पायऱ्या-पायऱ्याचा हाय काय? काऊन असा दिसून रायला?" मी म्हटलं, फोटोच तसे लांब लांब घेतलेत. "मंग जवळून घ्याले काय झालतं त्याईले?" हा प्रश्न मला पुढे फोनवर विचारायचा होताच.

दुसरी रीत सरळ रेषेची. दोन कापांच्या मधल्या बिंदूला अंतराच्या प्रमाणात दोन्हींचा वाटा. तिन्ही दिशांनी केलं की एका नव्या बिंदूसाठी आजूबाजूचे आठ बिंदू लागतात. पायऱ्या गेल्या, उतार आले. दिसायला पुष्कळ बरं.

तिसरी घन स्प्लाइनची. वक्र रेषेने जोडते, चौसष्ट बिंदू पाहते, चित्र जास्त रेखीव दिसतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सायपाय ग्रंथालयातलं झूम नावाचं फंक्शन काही न सांगता वापरलं तर हीच रीत लागू होते. सरळ रेषेच्या पलीकडे जाऊन वक्राने मधली मूल्यं काढायची कल्पना काही कॉम्प्युटरवाल्यांची नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६६५ मधल्या 'खंडखाद्यक' ग्रंथात 'ज्या' म्हणजे साइनच्या कोष्टकातली मधली मूल्यं काढायला दुसऱ्या घाताचं सूत्र दिलं आहे. पण ज्येचा वक्र मुळातच गुळगुळीत असतो. हाडाची कड तशी नसते: इकडे ५०, तिकडे १०००, मध्ये काही नाही. अशा कड्यावर घन स्प्लाइन थोडी झोकांडी खाते. हाडाच्या आत मूल्य खऱ्यापेक्षा वर जातं, लगेच बाहेर खऱ्यापेक्षा खाली. आमच्या चित्रात हाडाच्या कडेला समांतर एक काळपट रेघ आली, स्नायूच्या जागी चरबीसारखे ऋण आकडे. फ्रॅक्चरच्या गुडघ्यात हाडाच्या बाजूने जाणारी काळी रेघ म्हणजे काय, हे डॉक्टरला सांगायला नको. ती रेघ शरीरात नव्हती, सूत्रात होती. जाड कापांवर घन स्प्लाइन वापरायची नाही, हे मी तिथेच ठरवलं. मूल्यं ऋण होऊ शकतात म्हणून हा सगळा हिशेब चिन्ह नसलेल्या पूर्णांकांत कधी करू नये, हेही जाता जाता सांगते. शून्याखालचा आकडा तिथे उलटून पासष्ट हजारांच्या घरात जाऊन बसू शकतो आणि काळ्या हवेत पांढरे ठिपके उमटतात.

लांबीचा हिशेब मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल लोक फार बोलत नाहीत. ५ ला ०.३९०६२५ ने भागलं की १२.८ येतात. ४१ गुणिले १२.८ म्हणजे ५२४.८, म्हणून फंक्शन ५२५ काप देतं. आता कोणालाही वाटेल की नव्या कापांतलं अंतर ०.३९०६ झालं. पण हे झूम फंक्शन नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर पहिल्या कापाचा मध्य पहिल्यावर आणि शेवटच्याचा मध्य शेवटच्यावर बसवतं. ४१ कापांच्या मध्ये ४० फटी, म्हणजे २०० मिलिमीटर. ५२५ कापांच्या मध्ये ५२४ फटी. २०० भागिले ५२४ म्हणजे ०.३८१७. ०.३९०६ धरून हाड छापलं तर त्याची उंची २०४.७ मिलिमीटर भरेल. गुडघा पावणेपाच मिलिमीटरने उंच, आणि रुंदी मात्र बरोबर. डोळ्याला हे कळत नाही. प्रोग्रॅमही कुठे लाल अक्षरं दाखवत नाही.

यावर दोन उपाय आहेत. त्याच फंक्शनला ग्रिड मोड चालू करून द्यायचा. मग ते बिंदूंचे मध्य न पाहता बिंदूंची पूर्ण जाडी धरतं, ४१ गुणिले ५ म्हणजे २०५ मिलिमीटर ५२५ मध्ये वाटतं आणि उत्तर ०.३९०५ येतं. किंवा पिक्सेलची भाषाच सोडून द्यायची. सिंपलआयटीके नावाचं ग्रंथालय प्रत्येक चित्राबरोबर उगम, अंतर आणि दिशा मिलिमीटरमध्ये बाळगतं. त्याला 'मला ०.५ मिलिमीटरची जाळी दे' म्हटलं की नवीन बिंदू शरीरात नेमका कुठे पडतो हे शोधून ते त्याचं मूल्य काढतं. मी हाच मार्ग घेतला. फक्त त्यात अक्षांचा क्रम रुंदी, खोली, उंची असा असतो, तर नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या ग्रंथालयातल्या रांगेत उंची आधी. एकीकडचे आकडे दुसरीकडे तसेच चिकटवले तर गुडघा आडवा ताणला जातो. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांनी थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात क्रॉप व्हॉल्युम नावाच्या भागात तिन्ही दिशांचं अंतर सारखं करायची सोय आहे आणि इंटरपोलेशनची रीतही निवडता येते.

०.५ का, ०.३९ का नाही? लॅपटॉप ८ जीबीचा. ५२५ गुणिले ५१२ गुणिले ५१२ म्हणजे १३ कोटी ७६ लाख बिंदू. दोन-दोन बाइटचे पूर्णांक ठेवले तर २७५ एमबी, पण आठ बाइटचे दशांश आकडे झाले की १.१ जीबी, आणि मधल्या पायरीवर अशा तीन-चार प्रती सहज होतात. ०.५ च्या जाळीत ४०० गुणिले ४०० गुणिले ४१० म्हणजे ६ कोटी ५६ लाख बिंदू, निम्म्याहून कमी. आणि नमुना फक्त पेशंटला समजावण्यासाठी. आणखी बारीक करून वीज आणि वेळ जाळण्यात काही हशील नव्हतं. वीज हा आमच्याकडे विनोदाचा विषय नाही.

आडव्या दिशेत मात्र आता आपण ०.३९ वरून ०.५ वर, म्हणजे खाली येतोय. लहान करताना आधी थोडं धूसर करून घ्यावं लागतं, नाहीतर हाडाच्या आतल्या बारीक जाळीच्या जागी मुळात नसलेल्या पट्ट्या दिसू लागतात. इतक्या कमी फरकाला गाउसियन नावाचा धूसर करणारा हलकासा फिल्टर पुरला. निम्मं किंवा पाव करायचं असेल तर हे विसरून चालत नाही.

सरळ रेषेच्या रीतीने भरलेल्या डेटातून हाड वेगळं काढलं: २५० च्या वरचं सगळं हाड. आणि पडद्यावर मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना चिकटलेली आली. मध्ये सांध्याची फटच नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन. "ताई, हे जुळलेलं हाड दाखवलं तर पेशंट म्हणेल डॉक्टरने माझा गुडघा जाम केला."

असं का झालं याचा हिशेब कागदावर सुटतो. समजा एका कापात मूल्य ५० आहे, पुढच्यात १०५०, अंतर ५ मिलिमीटर. खरी कड मधोमध, २.५ वर आहे असं धरू. सरळ रेषेने जाताना २५० हा आकडा कधी येतो? एक हजाराच्या चढातले दोनशे चढल्यावर, म्हणजे पाचव्या हिश्शावर, १ मिलिमीटरवर. म्हणजे हाड खऱ्यापेक्षा दीड मिलिमीटर फुगलं. वरून मांडीचं हाड दीडने खाली, खालून नडगी दीडने वर. गुडघ्यातली फट मुळात थोड्याच मिलिमीटरची, त्यातले तीन गेले. शिवाय पाच मिलिमीटरचा काप म्हणजे त्या पूर्ण जाडीची सरासरी असते. अर्ध्या जाडीत हाड आणि अर्ध्यात पोकळी असली तर तो बिंदू ५५० च्या आसपास येतो, जणू तिथे कच्चं हाड आहे. आडव्या दिशेत हे होत नाही, कारण तिथे पुढचा बिंदू ०.३९ वरच आहे. आणि नशीब असं की सांध्याची फट आडवी, काप आडवे. ज्या दिशेला आपल्याला सगळ्यात कमी दिसतं, नेमकी तीच दिशा आम्हाला हवी होती.

उंबरठा २५० वरून ५५० वर नेला की फट उघडते, पण मग पातळ कवच जागोजागी फाटतं आणि हाडाला भोकं पडतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाडात तर जास्तच.

म्हणून मग मूळ ४१ कापांवरच हाडं हाताने वेगळी रंगवली. मांडीचं हाड १, गुडघ्याची वाटी २, नडगी ३, बाजूचं बारीक हाड ४. हे काम कंटाळवाणं, पण चाळीस-एक कापांना हात दुखत नाही. आता हे रंगवलेलं मोठं करायचं. इथे एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली, कारण डॉक्टरांच्या भाच्याला, जो इंजिनिअरिंगला आहे, ती पटत नव्हती. खुणांच्या आकड्यांना सरळ रेषेचं इंटरपोलेशन लावलं. नडगी ३, तिच्या बाहेर काहीच नाही म्हणजे ०. तीनवरून शून्यावर उतरताना वाटेत २ आणि १ लागतात. परिणाम: नडगीच्या वर आधी वाटीचा एक पापुद्रा, त्यावर मांडीच्या हाडाचा दुसरा. भाचा काही वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे तीन हा आकडा इथे आकडाच नाही." बरोबर. हाउन्सफील्डची मूल्यं मोजमाप आहेत, त्यांची सरासरी निघते. खुणा म्हणजे नावं. नावांची सरासरी निघत नाही.

खुणांना जवळच्या बिंदूची रीत लावता येते, पण मग त्या पायऱ्या परत आल्या. यातून सुटका करणारी पद्धत एस. पी. राया आणि जयराम उडुपा यांनी १९९० मध्ये मांडली. एकेक हाड वेगळं घ्यायचं. प्रत्येक कापात त्याच्या कडेपासून प्रत्येक बिंदू किती दूर आहे ते मोजायचं. हाडाच्या आतलं अंतर धन, बाहेरचं ऋण. मग या अंतरांचं इंटरपोलेशन करायचं आणि जिथे शून्य येईल ती नवी कड. अंतर हे मोजमापच आहे, त्यामुळे त्याची सरासरी घ्यायला हरकत नाही. आकार एका कापातून दुसऱ्यात अलगद सरकतो. सायपायमध्ये अंतराचं फंक्शन तयार आहे, दहा-बारा ओळींत काम होतं. मला ही पद्धत फार आवडली. सांध्याची फट मोकळी झाली, पायऱ्या गेल्या, वाटी वाटीसारखी दिसू लागली. संपूर्ण गुडघा पहिल्यांदा गुडघा वाटला.

डॉक्टरांनी पडद्यावर फिरवून पाहिला आणि त्यांचा एकच प्रश्न: "खचलेलं कुठे आहे?"

खचलेलं नव्हतं. नडगीची सपाटी एका बाजूला जराशी उतरती दिसत होती, बस. फ्रॅक्चरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा खळगासुद्धा उपचार ठरवताना महत्त्वाचा असतो, आणि आमचे काप पाचवर. खळगा कापाच्या जाडीतच, सरासरीत विरून गेलेला. सरळ रेष, स्प्लाइन, अंतराची युक्ती, काहीही लावलं तरी जे कापात वेगळं उरलंच नाही ते बाहेर येणार कुठून? उलट जितकी रीत चांगली, तितकं ते गुळगुळीत उतारात लपत होतं. पायऱ्यांच्या ओबडधोबड चित्रात निदान पाहणाऱ्याला कळतं की मधलं ठाऊक नाही. डॉक्टर स्वतःचं निदान मूळ फिल्म आणि तपासणीवरूनच करत होते, या नमुन्यावर काही ठरणार नव्हतं, हे बरं.

मग सीटी सेंटरला फोन. तिथल्या टेक्निशियनने सांगितलं ते असं: मशीन मुळात पातळच काप घेतं. पाच मिलिमीटरचे काप नंतर त्यातूनच बनवतात, कारण फिल्मवर तेवढेच मावतात, आणि सीडीवरही मग तेच उतरतात. "मॅडम, पातळ पाहिजे हे आधी चिठ्ठीवर लिहून आणायचं असतं. कच्चा डेटा मशीनवर थोडे दिवसच राहतो." पातळ कापांचा संच सुदैवाने अजून होता. चुलतभाऊ बँकेच्या कामासाठी यवतमाळला चाललाच होता, त्याच्याजवळ पेनड्राइव्ह दिला.

नवा संच ०.६२५ मिलिमीटरचा, ३२१ काप. आता उभ्या दिशेचं काम म्हणजे ०.६२५ वरून ०.५. दहापट ताणण्याऐवजी सव्वापट. त्याच स्क्रिप्टला नवी फाइल दिली. गंमत अशी की इतक्या जवळच्या कापांवर सरळ रेष आणि घन स्प्लाइन यांच्यातला फरक मला शोधूनही नीट दाखवता येईना. ज्या निवडीवर मी इतका जीव पाखडला ती इथे जवळपास बिनमहत्त्वाची झाली. २५० च्या उंबरठ्याने आता हाड फुगण्याचं प्रमाणही अंशावर आलं, सांधा आपोआप मोकळा राहिला. आणि नडगीच्या सपाटीवर बाहेरच्या बाजूला एक तुकडा खाली बसलेला, त्याच्या कडेने गेलेली भेग, सगळं लख्ख. डॉक्टरांनी पडद्यावर मोजलं, ४ मिलिमीटर.

पातळ कापांचा एक तोटा आहे, ते दाणेदार दिसतात. प्रत्येक कापात किरणांचा वाटा कमी, त्यामुळे आकडे थरथरतात. हाडासाठी वापरतात तो तीक्ष्ण कर्नल, म्हणजे कच्च्या डेटातून चित्र बनवतानाचं गणिती गाळण, ही थरथर आणखी वाढवतो. पृष्ठभाग काढण्याआधी मीडियन फिल्टर फिरवला, म्हणजे प्रत्येक बिंदूला आजूबाजूच्या आकड्यांतला मधला आकडा दिला, तेवढ्याने भागलं.

पृष्ठभाग काढायला मार्चिंग क्यूब्स, लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ ची पद्धत. आजही सर्रास तीच वापरतात. त्यातून प्रिंटरला द्यायची एसटीएल फाइल निघते. एसटीएलमध्ये एककच नसतं, नुसते आकडे असतात, प्रिंटरचं सॉफ्टवेअर ते मिलिमीटर समजून चालतं. म्हणून तिथे आकडे मिलिमीटरचेच जायला हवेत, बिंदूंच्या क्रमांकाचे नव्हे. डावं-उजवं तपासायलाही हीच वेळ. अक्षांच्या उलटापालटीत उजवा गुडघा आरशातला डावा होऊ शकतो आणि दिसायला इतका नीटनेटका असतो की संशय येत नाही. ओळखायची खूण सोपी: बाजूचं बारीक हाड नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला असतं. आपल्याच पायासारखी वाटी पुढच्या बाजूला धरली, उजव्या पायाला बारीक हाड उजवीकडेच होतं.

शाळेतल्या प्रिंटरवर पांढरं पीएलए प्लास्टिक लावून संध्याकाळी छपाई सुरू केली. सरांनी लॅबचा इन्व्हर्टर त्यासाठी मोकळा ठेवला, पोरांना सांगितलं की पंखा लावायचा नाही. सकाळी नडगीचं टोक तयार होतं. व्हर्नियरने रुंदी आणि उंची दोन्ही मोजल्या आणि पडद्यावरच्या मापांशी ताडून पाहिल्या. दोन्ही दिशांचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मला उंचीचीच धास्ती होती.

मोठेबाबांनी ते हातात घेऊन अंगठा सपाटीवरून फिरवला, खळग्यात अडकला तिथे थांबले. "इथं बसलं म्हणते का डॉक्टर?" मग डॉक्टरांनी पट्टी कुठे बसेल, स्क्रू कुठून जातील, पाय जमिनीवर टेकायला इतके आठवडे का थांबायचं, हे त्याच नमुन्यावर बोट ठेवून सांगितलं. मोठेबाबांनी एवढे प्रश्न विचारले की बाहेरची रांग कुरकुरायला लागली. गुडघ्यातली कूर्चा यात का नाही, हेही त्यांनी विचारलं. सीटीत ती नीट दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, म्हटल्यावर "मंग थेही छाप" म्हणाले.

आता डॉक्टर सीटीच्या चिठ्ठीवरच लिहितात: काप १ मिलिमीटर किंवा पातळ, हाडाचा कर्नल, सीडीवर मूळ डायकॉम. माझ्या स्क्रिप्टमध्येही सुरुवातीला एक अट टाकली आहे. दोन कापांतलं अंतर २ मिलिमीटरच्या वर निघालं तर ती पुढे जात नाही, फक्त सेंटरकडून पातळ काप मागवा असं लिहून थांबते.